तपासणीआधीचे आठ दिवस

मी अंगणवाडीची बाई. घाटंजीपासून एसटीनं अर्ध्या तासावर आमचं गाव. तिथल्या लेकरांना खिचडी खाऊ घालत, वजनं घेत, शेंबूड पुसत माझी एकवीस वर्षं गेली. या एकवीस वर्षांत मी अंगणवाडीत निघालेले विंचू मारले, पिऊन आत शिरलेल्या एका माणसाला बखोट धरून बाहेर काढलं, आणि सरपंचाला तोंडावर सुनावलं की पत्रे बदलून देत नसाल तर उन्हाळ्यात ही सगळी लेकरं तुमच्या ओसरीवर आणून बसवीन. भित्री म्हणून मला गावात कोणी ओळखत नाही. पण करंगळीएवढ्या एका प्लास्टिकच्या बाटलीला मी एवढी भ्याले, एवढी भ्याले, की त्या भेवापायी माझ्याच डोळ्यांचं वाटोळं करून बसले. लोक म्हणतात, शिकलेली बाई तू, तुला कळलं नाही का? कळत होतं. सगळं कळत होतं.

सुरुवात चष्म्यापासून झाली. मोबाईलवर लेकरांची माहिती भरताना अक्षरं पुसट दिसायची, म्हणून नवऱ्याला घेऊन यवतमाळला गेले. वाटलं, नंबर वाढला असेल, चष्मा करायला टाकू, बसस्टँडवर तर्री-पोहे खाऊ आणि चारच्या गाडीनं परत येऊ. डॉक्टर माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे, बोलायला मऊ. त्यांनी डोळा बधिर करायचं औषध टाकलं, एक निळा दिवा बुबुळाला टेकेपर्यंत जवळ आणला, एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग विचारलं, "ताई, घरात कोणाला काचबिंदू होता का?"

"काचबिंदू नाही. माह्या मायले मोतीबिंदू होता."

"ऑपरेशन झालं होतं त्यांचं?"

"नाही. पिकायची वाट पाह्यत होतो."

त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. 

माझी माय दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जायची. हात असा चालायचा तिचा की दोघींचं काम एकटी करायची. मग एका हंगामात तिच्या ओळीतला कापूस झाडावरच राहायला लागला. समोरच्या बोंडातला कापूस ती बरोबर वेचायची आणि बाजूचं चांगलं फुटलेलं बोंड तसंच सोडून पुढं जायची. वावरवाली ओरडायची, "ध्यान कुठं हाय तुह्यं?" मायला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. घरी सगळ्यांनी ठरवून टाकलं की मोतीबिंदू येऊन राहिला आहे. मोतीबिंदू पिकला की काढायचा, कच्चा काढत नाहीत, हे आमच्याकडे लहान लेकराला पण माहीत. म्हणून आम्ही वाट पाहिली. बुबुळात पांढरं दिसलं की नेऊ, दिसलं की नेऊ, असं करत दोन वर्षं घालवली. पांढरं काही आलंच नाही. शेवटी एका शिबिरात नेलं, तर तिथल्या डॉक्टरनं बॅटरी मारून सांगितलं की हा मोतीबिंदू नाहीच, आतली नस वाळली आहे, आता काही होत नाही.

त्यानंतर माय अकरा वर्षं जगली. खाटेवर बसून असायची आणि कसलाही आवाज झाला की विचारायची, "कोण हाय?" मांजर गेलं तरी "कोण हाय?" वाऱ्यानं दार हललं तरी "कोण हाय?" त्या विचारण्यात इतकं भेव भरलेलं असायचं की मी कधी कधी चिडून म्हणायची, "कोणी नाही व माय, कायले भेतं एवढी!" माझ्या जिभेला काही हाड नव्हतं. 

हे सगळं मी डॉक्टरांना थोडक्यात सांगितलं. ते म्हणाले, "तो काचबिंदूच असणार. आणि ताई, तो रक्ताच्या नात्यात उतरतो. तुमच्या डाव्या डोळ्याचं प्रेशर तीसच्या वर आहे, उजव्याचं सत्तावीस. वीसच्या आत पाहिजे. या प्रेशरनं नजरेची नस हळूहळू मरत जाते. दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेनं दिसणं कमी होत येतं आणि माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत आणता येत नाही. जी आहे ती मात्र राखता येते."

"कशी राखाची?" हे माझ्या नवऱ्यानं विचारलं. 

त्यांनी ती बाटली दाखवली. रोज संध्याकाळी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. एक दिवसही चुकवायचा नाही. जन्मभर. थेंब टाकला की डोळे मिटायचे, नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही, आणि दोन मिनिटं तसंच बसायचं. एवढंच काम. साधी गोष्ट वाटते ना? मलाही वाटली.

पहिले तीन महिने मी टाकले थेंब, इमानदारीनं टाकले. दिवेलागणीला फ्रीजच्या दारातून बाटली काढायची, खाटेवर आडवं व्हायचं, खालची पापणी ओढायची. थेंब थंडगार पडायचा आणि मग झोंबायचा. त्याचं काही नाही, मिरच्या कुटणाऱ्या बाईला झोंबण्याचं काय कौतुक! खरा त्रास त्या दोन मिनिटांचा. डोळे मिटून, कोपरे दाबून बसलं की अंधार व्हायचा आणि त्या अंधारात स्वयंपाकघरातला एकेक आवाज मोठा होऊन यायचा. भांडं वाजलं, पाल चुकचुकली, नवरा चपला काढून आत आला. आणि माझ्या घशाशी यायचं, कोण हाय? खरं सांगते, एकदा तोंडातून निघूनसुद्धा गेलं. नवरा म्हणाला, "मीच व. दुसरं कोण येईन?"  रोज संध्याकाळी दोन मिनिटं मी माय होऊन बसत होते. आज दोन मिनिटं आहेत, पुढं किती, हे मनात आलं की बाटली हातात घ्यायलाच नको वाटायचं.

त्यात डोळे लाल व्हायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की सुरुवातीला होतील, पापण्यांचे केसही वाढतील, घाबरू नका. पापण्या खरंच वाढल्या. आमची मदतनीस माझ्याहून चार वर्षांनी मोठी, जिभेला लगाम नाही, ती म्हणाली, "बाप्पा बाई, या वयात पापण्या पाहा कशा झाल्या, नटीच दिसता!" ते हसण्यावारी गेलं. पण लाल डोळ्यांचं हसण्यावारी जाईना. लेकरांना सोडायला येणाऱ्या बाया माझ्याकडे पाहायच्या आणि आपसात कुजबुजायच्या. एक जण तर बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "बाई, घरी काही झालं काय? भाऊंनी हात उचलला काय?" माझा नवरा म्हणजे बैलाला पण काठी न लावणारा माणूस. त्याच्यावर असं नाव यावं! मी त्या बाईला चांगलंच झापलं, पण काचबिंदू आहे हे काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अंगणवाडीची बाई आंधळी होऊन राहिली म्हणून दिवस मावळायच्या आत गावभर झालं असतं. आंधळ्या बाईजवळ कोण लेकरू सोडतं?

मग एक दिवस नात्यातल्या लग्नाला गेले आणि बाटली घरीच राहिली. दुसऱ्या दिवशीही तिथंच मुक्काम. परत आल्यावर आरशात पाहिलं तर डोळे पांढरेशुभ्र. दिसायला काही फरक नाही. काहीच झालं नाही! त्या दिवशी संध्याकाळी फ्रीज उघडला, बाटलीकडे पाहिलं आणि कोथिंबीर काढून फ्रीज लावून टाकला. नवऱ्यानं वावरातून आल्या आल्या विचारलं, "टाकला थेंब?"

"टाकला ना."

हे "टाकला ना" म्हणायला मला काही जड गेलं नाही. मग ते रोजचंच झालं. तो विचारायचा, मी म्हणायची, आणि पुढचा विषय निघायचा.

आता पुढची गोष्ट कळायला आमची तपासणी कशी होते ते सांगावं लागेल. सुपरवायझर मॅडम येणार असल्या की आम्हाला आठ दिवस आधी भनक लागते. मग मी आणि मदतनीस पदर खोचतो. सतरंज्या धुवायच्या, भिंतीवरचे तक्ते पुसायचे, राहिलेली वजनं घ्यायची, रजिस्टरच्या कोऱ्या ओळी एका बैठकीत भरून काढायच्या. जी लेकरं येत नाहीत त्यांच्या घरी जाऊन आयांना दटावून यायचं. त्या दिवशी खिचडीत डाळ जरा जास्त पडते. मॅडम येतात, पाहतात, शेरा लिहितात, "काम समाधानकारक". त्या गेल्या की आम्ही दोघी एकेक कप चहा पितो आणि सुटकेचा निःश्वास टाकतो. मी कामचुकार नाही बरं का. लेकरांसाठी जीव टाकते. पण तपासणी ही तपासणी असते, तिची तयारी वेगळी असते, हे माझ्या अंगात मुरलेलं.

डॉक्टरांकडे दर चार महिन्यांनी जायचं होतं. मी कॅलेंडरवर त्या तारखेच्या आधीचे आठ दिवस मोजले आणि थेंब सुरू केले. रोज, वेळेवर, कोपरे दाबून, दोन मिनिटं. आठ दिवस काय, माणूस कसेही काढतो. नवव्या दिवशी यवतमाळ. निळा दिवा जवळ आला. डॉक्टरांनी मान वर केली तर चेहरा खुललेला. "सोळा आणि पंधरा! वा ताई. सगळे पेशंट तुमच्यासारखे थेंब टाकतील तर मला काही कामच उरणार नाही."

माझी मान अशी ताठ झाली म्हणता! वाटलं, उगाच भ्यायलो आपण. परत येताना नवऱ्यानं बसस्टँडवर पोहे सांगितले आणि वरून जिलेबी. घरी आले आणि बाटली परत फ्रीजच्या दारात गेली. पुढच्या दोन्ही वेळी तसंच केलं. आठ दिवस थेंब, नवव्या दिवशी पंधरा-सोळा, डॉक्टर खूश. त्या बाटलीला हात लावायचं भेव वर्षातले ते तीन-चार आठवडे सोडले तर माझ्या मागचं गेलं.

पण डोळे काही सुपरवायझर मॅडम नव्हते.

पहिल्यांदा एक लेकरू आपटलं. खिचडीचं पातेलं उचलून मी वळले, डाव्या बाजूला अडीच वर्षांची एक पोरगी उभी होती, ती मला दिसलीच नाही. गुडघा लागून ती पडली, थोडी खिचडी तिच्या पायाजवळ सांडली. पायावर पडली असती तर? मदतनीस ओरडली, "बाई, पोरगी दिसली नाही काय तुमाले?" मी उलट पोरीलाच रागावले, "मधात कायले येतं व!" पोरगी रडली आणि मी सांडलेली खिचडी पुसायला खाली बसले. मग घाटंजीच्या बाजारात एक मोटारसायकल अंगाला घासून गेली. डावीकडून आली, हॉर्न ऐकू आला, पण गाडी कुठं आहे ते वळेपर्यंत कळलं नाही. मग तूर निवडताना सुपाच्या एका बाजूचे खडे तसेच राहायला लागले. नवरा जेवताना दाताखाली खडा आला की नुसता थुंकायचा, बोलायचा नाही. मी मात्र सुपाकडे पाहत बसायची. समोरचं सगळं स्वच्छ, आणि कडेला जे सुटतंय ते सुटतंय हेही कळत नाही. माय वावरात उभी आहे आणि वावरवाली ओरडते आहे, असं डोळ्यांपुढं यायचं.

तरी मी थेंब सुरू केले नाहीत. लोकांना हे पटत नाही, मलाच पटत नाही. बाटली हातात घेणं म्हणजे "होय, होऊन राहिलं आहे" असं कबूल करणं, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. विंचू मारणारी बाई मी!

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी नजरेच्या घेराची, म्हणजे कडेचं किती दिसतं त्याची, तपासणी करायची म्हटलं. अंधाऱ्या खोलीत एका गोल वाटीसारख्या मशीनमध्ये हनुवटी टेकवून बसायचं, एक डोळा झाकायचा, समोरच्या ठिपक्याकडे पाहत राहायचं. कडेला बारीक दिवे लुकलुकतात. दिसला की हातातलं बटन दाबायचं. पहिल्या वेळी हे केलं होतं तेव्हा दिवे भराभर दिसले होते. यावेळी मी बसले, एक दिवा दिसला, दाबलं. मग काहीच नाही. मशीनचा टक टक आवाज येतोय, म्हणजे दिवे लागत असणार, पण मला अंधार. पुष्कळ वेळ अंधार.  आणि मी काय केलं, तर अंदाजानं बटन दाबायला लागले. आवाज आला की दाब. रजिस्टरच्या कोऱ्या ओळी भरतात तशा.

मशीनजवळची पोरगी म्हणाली, "मावशी, दिसलं तरच दाबा. मशीनला कळतं." तिनं ती तपासणी पहिल्यापासून सुरू केली.

डॉक्टरांनी पहिल्या वेळचे आणि आजचे कागद शेजारी ठेवून पाहिले. आजचं प्रेशर पंधरा आणि पंधरा. "हे जुळत नाही," ते म्हणाले. आजच्या कागदावर काळे डाग होते. डाव्या डोळ्याचा अर्ध्याहून जास्त कागद काळा, उजव्याला नाकाच्या बाजूनं काळं सुरू झालेलं. त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. "ताई, थेंब चुकतात का कधी?"

"नाही साहेब."

"महिन्यातून एखादा दिवस?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "एक दिवस चुकली नाही साहेब. मी रोज इचारतो तिले."

डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, "मग एवढ्या कमी प्रेशरवरही यांची नस मरते आहे. म्हणजे या डोळ्यांना प्रेशर अजून खाली पाहिजे आणि ते औषधानं होणार नाही. डावा बराच गेला. उजवा वाचवायचा तर ऑपरेशन करावं लागेल." धोका आहे का, नवऱ्यानं विचारलं. ते म्हणाले, "आहे. कधी कधी असलेली नजरही कमी होते. पण असंच चालू राहिलं तर ती जाणारच आहे." बारा दिवसांनंतरची तारीख त्यांनी लिहून दिली.

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. जीभ रेटलीच नाही. बाजूला नवरा बसला होता, त्यानं माझ्यासाठी शब्द दिला होता.

ते बारा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आता थेंब मी स्वतःहून टाकत होते, रोज, घड्याळ लावून. आणि दुपारी घरात कोणी नसलं की डोळे मिटून चालून पाहत होते. खाटेपासून चुलीपर्यंत सहा पावलं, चुलीपासून दारापर्यंत नऊ. दारापर्यंत गेलं की उंबऱ्याला अंगठा ठेचायचा.  मनात एकच चालू. डॉक्टर उजव्या डोळ्याला सुरी लावणार आहेत ते माझ्या थापेवर. औषधानं भागलं असतं का नाही, हे त्यांना माहीत नाही, कारण मी त्यांना ते कळूच दिलं नाही. आणि त्या सुरीनं डोळा गेला तर? नवऱ्याला सांगावं म्हणून चारदा तोंड उघडलं. एकदा तर म्हटलं, "अहो, आइका ना." तो बैलांना पाणी दाखवत होता. वळून म्हणाला, "भेऊ नको. मी हाव ना." मग काय सांगणार, कपाळ!

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं गेलो. नर्सनं गाऊन दिला आणि एक कागद पुढं केला. मराठीतच होता. ऑपरेशनची माहिती मला समजावून सांगितली आहे, धोके समजले आहेत, वगैरे वगैरे. शेवटी ओळ होती, मी दिलेली वरील माहिती खरी व बरोबर आहे. खाली सही.

ही ओळ मी जन्मभर लिहीत आले. प्रत्येक रजिस्टरच्या, प्रत्येक अहवालाच्या खाली. त्या ओळीवर सही करताना माझा हात कधी अडखळला नाही, ना पावसाळ्यात, ना उन्हाळ्यात. त्या दिवशी वरच्या रकान्यात नर्सनं लिहिलेलं होतं, औषध नियमित घेतात, होय. पेन कागदावर टेकला आणि हात पुढं जाईना. नर्स म्हणाली, "मावशी, इथं करा सही." मी म्हटलं, "डॉक्टरांना बोलवा."

"ते आत तयारी करून राहिलेत."

"आधी बोलवा त्यायले. नाही त मी जाते."

डॉक्टर हिरव्या कपड्यांतच बाहेर आले. नवरा बाकावरून उठून उभा राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहून म्हटलं, "साहेब, मी थेंब टाकत नव्हती."

"म्हणजे? किती दिवस?"

"तुमच्याकडे याच्या आधी आठ दिवस टाकत होती. बाकी नाही टाकले. वर्षाच्या वर झालं."

"का पण?"

"तपासणी होती ना," एवढंच निघालं माझ्या तोंडून. आणि मग, "मले भेव वाटत होतं साहेब. लय भेव वाटत होतं."

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते बाजूच्या खुर्चीवर बसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई, अर्ध्या तासात मी तुमचा चांगला डोळा उघडणार होतो." त्यांचे हात मांडीवर होते आणि ते त्या हातांकडेच पाहत होते.

ऑपरेशन थांबवलं. सहा आठवडे रोज थेंब टाकायचे, न चुकता, आणि मग यायचं असं ठरलं. सहा आठवड्यांनी प्रेशर पाहू. औषधानं आलं खाली तर उत्तम, नाही आलं तर ऑपरेशन.

गाडीत नवरा खिडकीजवळ बसला.  फाट्यावर उतरल्यावर पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाला, "मी माह्या तोंडानं सांगतलं साहेबाले. एक दिवस चुकली नाही म्हणून." मी त्याच्या मागं चालत राहिले.

त्या दिवसापासून त्यानं विचारणं सोडलं. संध्याकाळी स्वतः फ्रीजमधून बाटली काढायचा, मला आडवं हो म्हणायचा आणि त्याच्या त्या चिरा पडलेल्या बोटांनी माझी पापणी ओढून थेंब टाकायचा. पहिल्यांदा दोन थेंब गालावर गेले. मग हात बसला. मी कोपरे दाबून पडून राहायची आणि तो बाजूला बसून राहायचा. घरात आवाज झाला की "मांजर हाय," म्हणायचा, "बादली ठेवली शेजारीण बाईनं," म्हणायचा. भेव गेलं नाही. कमी झालं, असंही म्हणत नाही.

पण त्या सहा आठवड्यांत माझ्या मनात एक दुसरीच गोष्ट घुसली आणि ती कोणाला सांगायची सोय नव्हती. मला वाटायला लागलं की प्रेशर खाली येऊ नये. हो, येऊ नये! रोज थेंब टाकूनही ते तीसच निघावं. डॉक्टरांनी म्हणावं की ताई, तुमचा आजारच असा हट्टी आहे, तुम्ही टाकले असते तरी हेच झालं असतं. ऑपरेशन होऊ दे, धोका असू दे, पण डावीकडचं ते काळं माझ्या हातानं झालेलं नाही एवढं कोणीतरी म्हणावं. स्वतःच्या डोळ्यांचं वाईट चिंतणारी बाई मी पाहिली नव्हती. ती मीच निघाले.

सहा आठवडे झाले. निळा दिवा जवळ आला. डॉक्टरांनी डावा पाहिला, उजवा पाहिला, पुन्हा डावा पाहिला. 

"पंधरा," ते म्हणाले. "आणि चौदा. औषध छान लागू पडतंय तुम्हाला. सध्या ऑपरेशनची गरज नाही."

नवऱ्याचा चेहरा दीड महिन्यांनी पहिल्यांदा सैल झाला. तो डॉक्टरांना दोनदा हात जोडून बाहेर पडला आणि मला बाकावर बसवून पेढे आणायला गेला. मी बसले आणि मला जे रडू कोसळलं ते काही केल्या थांबेना. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. शेजारी दिग्रसकडची एक म्हातारी बसली होती, डोळ्याला पट्टी बांधलेली. ती माझ्याकडे सरकली.

"काय सांगतलं व डॉक्टरनं? जास्त हाय काय?"

"नाही आजी. औषध लागू पडते म्हणते."

"मंग चांगलं झालं ना बाप्पा! रडतं कायले?"

मी तिचा हात धरला. औषध तर पहिल्या दिवसापासूनच लागू पडत होतं.